ताळा जुळेपर्यंत

लोड टेस्ट सुरू व्हायची असते तेव्हा कॉलवर सगळे हजर असतात. क्लायंटचे मॅनेजर, डेटाबेसवाले, नेटवर्कवाले आणि ‘मी फक्त ऐकतोय’ म्हणणारे दोघंतिघं. वापरकर्त्यांचा आकडा चढू लागला की सगळ्यांचे डोळे आलेखावर. ठरलेला वेळ संपतो, कुणीतरी ‘स्टॉप’ दाबतं आणि कॉल रिकामा होतो. त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत काय घडतं ते पाहायला सहसा कुणी थांबत नाही. माझ्या नोकरीचा बराच काळ त्या दोन-तीन मिनिटांच्या मागे गेला आहे, आणि या कामाबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं तरी तिथेच कळलं.

काम काय, ते आधी सांगते. दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो, एसी डब्यांचं तत्काळ आरक्षण सकाळी दहाला उघडतं. अशा वेळी लाखो माणसं एकाच मिनिटात एकच वेबसाइट उघडतात. ती येण्याआधी प्रोग्रॅममधली खोटी माणसं पाठवून वेबसाइट कुठवर तग धरते ते बघायचं, ही लोड टेस्ट. एवढी खोटी माणसं एका मशीनमधून निघत नाहीत. म्हणून एक मास्टर आणि त्याच्या हाताखाली बरेच वर्कर अशी मांडणी करतात. मास्टर आज्ञा देतो आणि आकडे गोळा करतो. भार टाकायचं काम वर्कर प्रोसेस करतात. पायथनमध्ये लिहिलेल्या लोकस्ट या लोड टेस्टच्या साधनाचा एक वर्कर प्रोसेसरचा एकच कोर वापरू शकतो, त्यामुळे आठ कोरच्या मशीनवर आठ वर्कर लावतात. अशी पाच मशीन घेतली की झाल्या चाळीस प्रोसेस. सुरू करायला एक आज्ञा पुरते. थांबवायची वेळ येते तेव्हा मात्र चाळीस ठिकाणी काही ना काही अर्धवट असतं.

आमच्या टीममध्ये येणारी नवी मुलं पहिल्याच आठवड्यात ‘किल मायनस नाइन’ शिकतात. लिनक्समध्ये प्रोसेसला सिग्नल पाठवता येतात. १५ क्रमांकाचा सिगटर्म म्हणजे ‘आवर आणि बंद हो’. कंट्रोल-सी दाबलं की २ क्रमांकाचा सिगइंट जातो. हे दोन्ही प्रोसेसला ऐकू येतात, ती त्यावर स्वतः काही करू शकते. ९ क्रमांकाचा सिगकिल तिच्यापर्यंत पोचतच नाही. कर्नल तिला परस्पर संपवतो. काम चटकन होतं, म्हणून तो सगळ्यांचा लाडका.

चटकन होणाऱ्या कामाची किंमत काय, असं एका वरिष्ठांनी मला विचारलं होतं. लोकस्टचा वर्कर आपले आकडे मास्टरला साधारण दर तीन सेकंदांनी पाठवतो. नीट थांबवला तर जाता जाता शेवटचा हिशेबही देतो. सिगकिलने मारला तर न पाठवलेले आकडे त्याच्याबरोबर जातात. ‘तासाभराच्या टेस्टमध्ये तीन सेकंद गेले तर काय बिघडतं?’ असा त्यांचा सवाल. त्या तीन सेकंदांपुरतं त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. खरं नुकसान दुसरीकडेच आहे, हे एका विमा कंपनीच्या टेस्टमध्ये समोर आलं.

प्रीमियम भरण्याच्या पानाची ती टेस्ट होती. रिपोर्ट देखणा. शंभरातल्या नव्याण्णव रिक्वेस्टना ठरलेल्या वेळेत उत्तर मिळत होतं. कंपनीच्या मदतकेंद्राचं म्हणणं वेगळं: महिनाअखेरीला लोक पैसे भरतात आणि पान फिरतच राहतं. दोन्ही खरं कसं असेल? शेवटी आम्ही सर्व्हरच्या बाजूचा लॉग मागवला. तिथे एन्जिनएक्स होतं. उत्तर मिळण्याआधीच समोरच्याने जोडणी तोडली तर एन्जिनएक्स त्या ओळीत ४९९ असा कोड लिहितं. टेस्टभर तसली ओळ क्वचित दिसत होती आणि टेस्ट संपल्याच्या क्षणाला ४९९ चा ढीग पडला होता.

उलगडा असा. टेस्टच्या शेवटच्या दीड-दोन मिनिटांत डेटाबेसच्या जोडण्या संपत आल्या होत्या आणि पैसे भरण्याच्या रिक्वेस्ट रांगेत अडकू लागल्या होत्या. आमच्या स्क्रिप्टमधला टाइमआउट होता दोन मिनिटांचा. म्हणजे या रिक्वेस्टना ना उत्तर आलं होतं, ना त्या अपयशी ठरल्या होत्या. त्या नुसत्या ताटकळत होत्या. तेवढ्यात वेळ संपली. लोकस्टमध्ये थांबण्याची मुदत वेगळी सांगितली नाही तर ती शून्य असते. चालू काम जिथल्या तिथे तोडलं जातं. तुटलेली रिक्वेस्ट यशातही मोजली गेली नाही आणि अपयशातही नाही. जो आजार शोधायला टेस्ट लावली होती तो रिपोर्टमध्ये यायच्या आतच कापला गेला होता.

यामागचं गणित नंतर मी प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर मांडत आले. समजा शंभरातल्या नव्याण्णव रिक्वेस्टना एक सेकंद लागतो आणि एकीला शंभर सेकंद. रिक्वेस्ट एका लयीत येत राहिल्या आणि मध्येच कुठल्याही क्षणी सर्व्हरमध्ये डोकावून पाहिलं, तर त्या क्षणी चालू असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या त्या शंभर सेकंदवाल्या निघतील. कारण सोपं आहे: जी जास्त वेळ रेंगाळते तीच डोकावताना सापडते. एकूण संख्येत त्या एक टक्का, पण तोडण्याच्या क्षणी निम्म्या. म्हणून अचानक थांबवल्यावर जे हरवतं त्यात संथ रिक्वेस्टचं प्रमाण मुळापासूनच फुगलेलं असतं. आकडे नुसते कमी होत नाहीत, ते एका बाजूला झुकतात, आणि नेमके आपल्याला आवडणाऱ्या बाजूला. वर्कर नीट थांबवणं हा तोवर माझ्या लेखी मशीनच्या टापटिपीचा भाग होता. त्या लॉगनंतर तो रिपोर्टच्या खरेपणाचा भाग झाला.

नीट थांबवायचं म्हणजे काय, ते सांगायला मी लग्नाच्या जेवणाचा दाखला देते. वाढप थांबवायचं असेल तर नवी पंगत बसवू नका. बसलेल्यांना मात्र ताटावरून उठवू नका. मास्टरने ‘थांबा’ म्हटलं की वर्करने नवी रिक्वेस्ट काढायची नाही, निघालेल्या रिक्वेस्टचं उत्तर येऊ द्यायचं, खोट्या वापरकर्त्याला लॉगआउट करू द्यायचं, उरलेले आकडे पाठवायचे, ‘मी संपलो’ असं मास्टरला कळवायचं आणि मगच जायचं. मास्टरनेही सगळ्यांचा निरोप आल्याशिवाय रिपोर्ट बंद करायचा नाही.

लॉगआउट हा शब्द तिथे उगाच नाही. एका टीमची तक्रार होती की त्यांची दिवसातली पहिली टेस्ट नेहमी चांगली जाते, दुसरी वाईट आणि तिसरी त्याहून वाईट. त्यांनी नेटवर्क तपासलं, डेटाबेसचे इंडेक्स तपासले, मशीनही बदलून पाहिलं. दोन टेस्टमधलं अंतर दहा मिनिटांचं आणि सर्व्हर टॉमकॅट. त्यात सेशन निष्क्रिय झाल्यावर बाद व्हायची मुदत मुळात ३० मिनिटांची असते. पहिल्या टेस्टचे हजारो वापरकर्ते लॉगआउट न करता मारले गेले होते. त्यांची सेशन दुसरी टेस्ट चालू असताना सर्व्हरच्या मेमरीत बसून होती. स्क्रिप्टच्या शेवटी लॉगआउट लिहिलेलं होतं, पण सिगकिलमुळे ते कधी चाललंच नाही. भार टाकणाऱ्या मशीनवरही असं काही मागे राहतं. टीसीपीची जोडणी जो आधी बंद करतो त्याच्याकडे तो पोर्ट लिनक्समध्ये आणखी ६० सेकंद ‘टाइम-वेट’ अवस्थेत अडकतो. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी लिनक्स ठेवतं ते पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या आसपास. टेस्ट संपल्या संपल्या तिथूनच त्याच सर्व्हरवर दुसरी सुरू केली की सर्व्हर ठणठणीत असूनही आपल्याच मशीनवर पोर्ट मिळत नाहीत, आणि बोट मात्र क्लायंटकडे दाखवलं जातं.

वाट पाहायची म्हटलं की किती, हा प्रश्न येतो. अडकलेल्या रिक्वेस्टसाठी जन्मभर थांबता येत नाही. मुदत हवीच, पण मुदती एकात एक बसवलेल्या असतात, हे लोक विसरतात. रिक्वेस्टचा टाइमआउट सर्वांत लहान. वापरकर्त्याचं चालू काम पूर्ण व्हायची मुदत त्याहून मोठी, वर्करची त्याहून, वर्कर ज्या कंटेनरमध्ये आहे त्याची त्याहून आणि सगळ्यांना चालवणाऱ्या पाइपलाइनची सर्वांत मोठी. बाहेरची मुदत आतल्यापेक्षा लहान किंवा तेवढीच ठेवली की आतला आवरत असतानाच बाहेरचा त्याला संपवतो. डॉकर ‘स्टॉप’ म्हटल्यावर सिगटर्म देऊन १० सेकंद थांबतो आणि मग सिगकिल देतो. कुबर्नेटीस ३० सेकंद देतं. के-सिक्स या लोड टेस्टच्या दुसऱ्या साधनात चालू फेरी पूर्ण व्हायला ३० सेकंद मिळतात. हे सगळे त्या त्या साधनाबरोबर आलेले आकडे. ते आपल्या रिक्वेस्टच्या लांबीला पुरतात की नाही, हे साधनाला ठाऊक नसतं. ते आपणच बघायचं.

कंटेनरवरून एक प्रसंग. एका टीमने लोकस्टची थांबण्याची मुदत ठरवली, डॉकरची वाढवली, सगळं कागदावर बरोबर, आणि तरी शेवटचा हिशेब येत नव्हता. तिथल्या एका मुलीने बारकाईने पाहिलं: मुदत कितीही द्या, कंटेनर बरोबर तेवढ्याच सेकंदांनी बंद होतो, एक सेकंद आधी नाही. दहा दिले तर दहा, साठ दिले तर साठ. बाहेर पडतानाचा कोड प्रत्येक वेळी १३७. १२८ मध्ये ९ मिळवले की १३७, म्हणजे सिगकिलने मृत्यू. सिगटर्मने गेला असता तर १४३ दिसला असता. वर्करला सिगटर्म ऐकूच जात नव्हता. कंटेनर ज्या स्क्रिप्टने सुरू होई तिथे पहिली प्रोसेस शेलची होती आणि लोकस्ट तिचं अपत्य होतं. सिग्नल शेलकडे येई आणि शेल तो पुढे देत नसे. शिवाय कंटेनरमधली पहिली प्रोसेस कर्नलच्या दृष्टीने खास असते. तिने सिगटर्मसाठी स्वतः काही व्यवस्था केलेली नसेल तर तो सिग्नल तिला लागूच होत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ हा शब्द घातला, म्हणजे शेलची जागा लोकस्टनेच घेतली, आणि प्रश्न मिटला. प्रत्येक वेळी तोच गोल आकडा आला तर कुठलीतरी मुदत संपते आहे, काम संपत नाही, हे तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

याच्या उलटही होतं: मास्टर जातो आणि वर्कर मागे राहतात. एका टेस्टमध्ये सर्व्हरवर आमच्या हिशेबापेक्षा जास्त रिक्वेस्ट येत होत्या. क्लायंटला वाटलं कुणी हल्ला करतंय. पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला तर आमच्याच मशीनचा. आदल्या दिवशी कुणीतरी मास्टरला ‘मायनस नाइन’ देऊन घरी गेलं होतं. मास्टर आणि वर्कर यांच्यात झिरोएमक्यूचे सॉकेट असतात आणि ते तुटलेली जोडणी आपणहून पुन्हा जोडायचा प्रयत्न करत राहतात. एरवी हा गुण. इथे मात्र मास्टर गेल्याचं वर्करला कळायला मार्गच उरला नव्हता. ते रात्रभर इमानाने भार टाकत होते. वर्कर जिवंत आहे की नाही हे पाहायला मास्टर त्याचा हार्टबीट तपासतो, तसा वर्करनेही मास्टरचा तपासायला हवा. लोकस्टमध्ये पुढे ही सोय आली. बराच वेळ मास्टरकडून काही आलं नाही की वर्कर स्वतःच बंद होतो. आम्ही आमच्या बाजूने आणखी एक पायरी घातली. टेस्ट सुरू करण्याआधी प्रत्येक मशीनवर जुना वर्कर शिल्लक आहे का ते पाहायचं, आणि असेल तर तो कुणाचा हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

लोक ‘मायनस नाइन’कडे वळतात त्यात दर वेळी घाईच असते असंही नाही. पुष्कळदा वर्कर सभ्यपणे सांगून खरंच थांबत नाही. असा एक अडून बसणारा वर्कर आम्ही बराच काळ सहन केला. तो एका टीमने स्वतः लिहिलेला होता आणि सिगटर्म आला की सगळं आवरण्याचं काम त्याच्या सिग्नल हँडलरमध्येच होई: लॉग लिहायचा, फाइल बंद करायची, मास्टरला निरोप द्यायचा. सिग्नल कधीही येतो. मुख्य काम एखादं कुलूप धरून बसलेलं असताना आला आणि हँडलरलाही तेच कुलूप हवं असलं की दोघंही एकमेकांसाठी थांबतात आणि प्रोसेस गोठते. उपाय चार ओळींचा होता. हँडलरने फक्त ‘थांबायचं आहे’ अशी खूण करून ठेवायची. मुख्य काम दर फेरीला ती खूण पाहील आणि सवडीने आवरेल. आणि ‘थांबा’चा निरोप दोनदा आला तरी आवरणं एकदाच व्हायला हवं, कारण घाबरलेला माणूस बटण दोनदा दाबतोच.

झोंबीचा किस्साही सांगायला हवा. प्रोसेसच्या यादीत ‘डिफंक्ट’ दिसलं की नवी मुलं तिला मारत सुटतात. पुन्हा पुन्हा मायनस नाइन, शेवटी रूटचा अधिकार घेऊन मायनस नाइन. ती हलत नाही, कारण ती आधीच मेलेली असते. तिच्या मृत्यूची नोंद तिच्या पालक प्रोसेसने घ्यायची राहिलेली असते, म्हणून नाव यादीत उरतं. चूक शोधायची ती पालकात. वर्कर जन्माला घालणाऱ्या मास्टरने त्यांचा शेवटचा कोड गोळा केलाच पाहिजे. कोण नीट गेलं आणि कोण मारलं गेलं हे त्या कोडवरूनच कळतं.

आता एवढं सांगून झाल्यावर त्याच्या विरुद्धही सांगते. एका बँकेच्या चालू यंत्रणेवर मध्यरात्री टेस्ट होती. खरे ग्राहक कमी असतील असा अंदाज होता. भार ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यावर असतानाच खऱ्या ग्राहकांचे व्यवहार अडकू लागले. कॉलवरून ‘बंद करा’ असा आवाज आला तेव्हा टेस्ट चालवणारा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सभ्य थांबा दिलाय, नव्वद सेकंदांत होईल.’ त्याने शिकवलेलं तंतोतंत पाळलं होतं, आणि त्या क्षणी ते चुकीचं होतं. खऱ्या माणसांचे पैसे अडकलेले असताना आपल्या आकड्यांच्या शुद्धतेला काही अर्थ नसतो. तिथे मायनस नाइनच योग्य होता आणि तोच दिला. जेमीटर या लोड टेस्टच्या साधनात ‘शटडाउन’ आणि ‘स्टॉप’ अशी दोन वेगळी बटणं आहेत, एक चालू काम पूर्ण होऊ देणारं आणि एक तिथल्या तिथे तोडणारं. दोन का, ते मला त्या रात्री नीट पटलं. तेव्हापासून टेस्टच्या आराखड्यात आम्ही आधीच लिहितो: कुठली लक्षणं दिसली तर तोडायचं, आणि तो शब्द कोण उच्चारणार. तो माणूस जागा आहे ना, हेही आधी विचारतो.

वर्कर मेले तरी त्या रात्री बँकेचा सर्व्हर लगेच सावरला नाही. आधीच आत शिरलेल्या रिक्वेस्ट रांगेत होत्या. त्या मागणारं कुणी उरलं नव्हतं तरी सर्व्हर त्यांची उत्तरं तयार करत बसला होता. भार थांबल्यावर यंत्रणेला पूर्ववत व्हायला लागणारा वेळ हे स्वतंत्र मोजमाप आहे, आणि ते रिपोर्टमध्ये यायला हवं असं मी तेव्हापासून धरून बसले आहे.

सभ्य थांब्यालाही त्याची खोट आहे. वापरकर्ते एकेक करून निघतात तसा भार उतरतो, सर्व्हर मोकळा होतो आणि त्या काळात सुटलेल्या रिक्वेस्टना झटपट उत्तरं मिळतात. ती सरसकट मोजली तर सरासरी पुन्हा गोंडस होते. म्हणून मोजणीची चौकट थांब्याच्या आज्ञेशी संपवायची, आणि रिक्वेस्ट चौकटीत आहे की नाही हे ती कधी निघाली त्यावरून ठरवायचं, कधी संपली त्यावरून नाही. शेवटच्या क्षणी निघून मिनिटभर ताटकळलेली रिक्वेस्ट चौकटीतली. थांबा दिल्यावर एखाद्या वापरकर्त्याने जाता जाता केलेलं लॉगआउट चौकटीबाहेरचं.

आज आमच्याकडे टेस्ट संपली असं म्हणायच्या आधी ताळा करावा लागतो. वर्करनी पाठवलेल्या रिक्वेस्ट किती, मास्टरच्या रिपोर्टमधल्या किती, सर्व्हरच्या लॉगमधल्या किती. फरक आला तर तो कुठून आला ते सापडेपर्यंत रिपोर्ट जात नाही. काही वेळा आकडे पहिल्याच फटक्यात जुळतात; काही वेळा अर्धा दिवस जातो आणि क्लायंटचे फोन येत राहतात.

आणि रिपोर्टमध्ये एक ओळ असतेच: मुदत संपल्यावर तोडाव्या लागलेल्या रिक्वेस्ट इतक्या, त्या तुटल्या तेव्हा सर्वांत जुनी इतके सेकंद थांबलेली होती. एका क्लायंटच्या मॅनेजरनी ती काढायला सांगितली. वरचे लोक ती वाचतात आणि नको ते प्रश्न विचारतात, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रश्न कुठले, असं मी विचारलं. ‘या लोकांचे पैसे कापले गेले का, असं विचारतात,’ ते म्हणाले. ओळ तशीच ठेवली. पुढच्या टेस्टच्या आधी त्यांच्याच टीमने अडकलेल्या व्यवहारांचं काय होतं ते तपासून पाहिलं होतं.